फळं-कांद्यांवर भाजलेली आख्खी कोंबडी: चिकनवाल्यापासून ताटापर्यंत

आख्खी कोंबडी भाजायची म्हटली की पोटात सफरचंद, संत्रं, कांदा ठासून भरायचा आणि वरून मसाला चोळायचा, असंच बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं. घरच्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, ही पद्धत दगा देते. पोट गच्च भरलं की आत गरम हवा फिरत नाही. मांडीच्या सांध्याजवळचं मांस कच्चं राहतं आणि ते शिजेपर्यंत छाती कोरडी ठणठणीत होते. शिवाय पोटात कोंडलेलं फळ नुसतं वाफवतं, त्याला भाजल्याची चव येत नाही. फळं आणि कांदे हवेत ते ट्रेमध्ये, कोंबडीच्या खाली. वरून चरबी आणि रस त्यांच्यावर गळत राहतो, कडा तपकिरी होतात, फळाचा आंबटपणा त्या चरबीला कापतो आणि शेवटी त्यांचीच ग्रेव्ही होते. पोटात वासापुरतं काहीतरी ठेवावं, तेही सैल.

पुढे जे सांगितलं आहे ते सव्वा किलोच्या कोंबडीसाठी, चार माणसांच्या जेवणासाठी आहे. आदल्या रात्री दहा मिनिटांचं काम, दुसऱ्या दिवशी साधारण दोन तास. त्यातलाही बराचसा वेळ ओव्हनचा, आपला नाही.

कोंबडी आणताना

इथली पहिली अडचण म्हणजे स्किन. आपल्याकडचे चिकनवाले पिसांसकट कातडी एका झटक्यात सोलून काढतात, कारण त्यात वेळ वाचतो आणि रश्श्यात कातडी कोणालाच नको असते. भाजण्यासाठी मात्र स्किन लागतेच. मांसाचा ओलावा तीच धरून ठेवते आणि तिच्याखालची चरबी वितळून सगळ्याला चव देते. स्किन ठेवायची तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात. म्हणून रविवारी सकाळी अकराला रांगेत उभं राहून हे मागू नका. शनिवारी दुपारी किंवा आदल्या संध्याकाळी जा आणि स्पष्ट सांगा: "भाई, आख्खी पाहिजे, स्किनसकट. तुकडे नको, चिरे पण मारू नका." उत्तर बहुतेक असंच येतं: "स्किन के साथ? पानी गरम करना पडेगा, बीस मिनट रुको." थांबावं. नेहमीचा चिकनवाला असेल तर सकाळी फोन करून ठेवावा.

जिवंत पावणेदोन किलोची कोंबडी साफ होऊन स्किनसकट साधारण सव्वा किलो भरते. त्याहून मोठी घेऊ नका. दोन किलोच्या वरची कोंबडी घरच्या ओटीजीत वरच्या रॉडला जवळजवळ टेकते. गावरान कोंबडीही या कामाची नाही. तिचं मांस चिवट, तिला रश्श्यातला संथ वेळ लागतो. इथे साधी ब्रॉयलरच हवी.

मान आणि पाय वेगळे करून घ्या, कलेजी-पेठाही वेगळा बांधून घ्या. शेपटीच्या टोकावर वरच्या बाजूला पिवळट तेलाची एक गाठ असते, ती कापून टाकायला सांगा. राहिली तर उग्र वास येतो. घरी आल्यावर पोटात बोट घालून फासळ्यांना आतून चिकटलेले लालसर फुफ्फुसाचे तुकडे खरवडून काढा. दुकानात ते हमखास राहतात आणि भाजताना त्यांचं काळं रक्त ट्रेमध्ये उतरतं.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या किंवा घोडबंदर रोडच्या सुपरमार्केटमधली फ्रोझन कोंबडी घेणार असाल तर ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण एक दिवस ठेवून वितळू द्या. ओट्यावर ठेवून वितळवलेली कोंबडी बाहेरून कोमट होते आणि आत बर्फच राहतो. पाकिटावर मीठ घातल्याची नोंद असेल तर खाली सांगितलेलं मीठ निम्मं करा.

धुण्याबद्दल थोडं. नळाच्या धारेखाली धरलेल्या कोंबडीवरचे शिंतोडे सिंक, ओटा, शेजारची धुतलेली भांडी असे सगळीकडे उडतात आणि सोबत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतूही नेतात. ओव्हनच्या उष्णतेत ते मरतात, म्हणून आरोग्याच्या दृष्टीने धुण्याची गरज नसते. पण ताज्या कापलेल्या कोंबडीला रक्त, पिसांचे बारीक खुंट लागलेले असतात आणि ते काढल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. तसं असेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात हळू धुवा, पाणी सिंकमध्ये अलगद ओता आणि नंतर सिंक साबणाने घासा. खुंट चिमट्याने उपटा.

साहित्य

कोंबडी सव्वा किलो. मीठ १५ ग्रॅम, म्हणजे सपाट अडीच छोटे चमचे. जाडसर कुटलेली मिरी दीड छोटा चमचा. साजूक तूप ३ मोठे चमचे. लसणाच्या ८ पाकळ्या ठेचून, आणि एक आख्खा गड्डा वेगळा. ओवा अर्धा छोटा चमचा, किंवा पानओव्याची ५–६ पानं. संत्री २. मध्यम कांदे ४. घट्ट, आंबट-गोड फळ ४०० ग्रॅम. एखादं लिंबू.

तूप का, लोणी का नाही? लोण्यातला दुधाचा घन भाग मोठ्या आचेला जळून काळे ठिपके पडतात. साजूक तुपात तो भाग कढवताना निघून गेलेला असतो, त्यामुळे २२० अंशाला ते टिकतं. रोस्टच्या पाककृतींत थाइम हा सुगंधी पाला लिहिलेला असतो, त्याच्या जागी ओवा. दोन्हींच्या वासात थायमॉल हाच मुख्य घटक आहे, त्यामुळे ही बदली चवीला खरोखर जुळते. पानओवा तर ठाण्यातल्या निम्म्या गॅलऱ्यांमध्ये कुंडीत वाढलेला असतो. शेजारी मागितला तरी मिळतो.

कोणतं फळ, कोणत्या महिन्यात

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी चव इथे ठरते. फळ निवडताना दोन गोष्टी बघायच्या. त्यात आंबटपणा आहे का, आणि अर्ध्या तासाच्या उष्णतेत ते उभं राहील का. नुसतं गोड फळ चरबीबरोबर ओशट लागतं. नुसतं मऊ फळ ट्रेमध्ये लगदा होऊन तळाला लागतं.

ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत काश्मीर-हिमाचलची नवी सफरचंदं येतात. लालभडक, पिठूळ झालेली टाळा. करकरीत, थोडी हिरवट झाक असलेली घ्या. हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळालं तर सगळ्यात उत्तम, आकार धरून राहतं. याच दिवसांत कडक नासपती येते, तीही चांगली. मऊ बब्बूगोशा मात्र तशीच खावी.

थंडीत पेरू. ओव्हनमध्ये पेरू घालण्याची कल्पना पुष्कळांना विचित्र वाटते, पण माझ्या मते कोंबडीखाली भाजायला याच्याइतकं चांगलं फळ आपल्याकडे दुसरं नाही. नुकता पिवळा पडू लागलेला, दाबला तर घट्ट लागणारा पेरू घ्या. चार फोडी करा, मधला बियांचा गर चमच्याने काढून टाका. भाजल्यावर कडेला चिकट खरपूसपणा येतो आणि वास घरभर जातो. नागपुरी संत्र्यांचा अंबिया बहारही याच सुमारास बाजारात असतो, त्यामुळे पेरू, संत्रं आणि कांदा ही थंडीची जोडणी ठरलेली.

जानेवारी ते एप्रिल नाशिकची द्राक्षं. हंगामाच्या सुरुवातीची किंचित आंबट द्राक्षं भाजायला जास्त बरी. ती घडातून सुटी करून शेवटच्या वीस मिनिटांतच घालायची. साल तडकून रस बाहेर आला की झालं.

मार्च-एप्रिलमध्ये अलिबागचा पांढरा कांदा येतो. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिखटपणा कमी, गोडवा जास्त. वडखळकडून येणाऱ्या माळा पनवेल, नवी मुंबईत सहज दिसतात. त्याच दिवसांत कैरीही आलेली असते. पांढरा कांदा आणि एका मध्यम कैरीच्या जाड फोडी, सोबत मोठा चमचाभर गूळ. उन्हाळ्यात ओव्हन लावायचा उत्साह असेल तर ही जोडी जरूर करा. पिकलेला हापूस मात्र ओव्हनमध्ये घालू नका. तो भाजण्यात त्याचं काहीही भलं होत नाही.

पावसाळ्यात ताज्या फळांची तऱ्हा बिघडते. तेव्हा आठ-दहा जर्दाळू आणि मूठभर मनुका कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून शेवटच्या वीस मिनिटांत घाला आणि ग्रेव्हीत चमचाभर कोकम आगळ.

चिकू वगळा, त्यात आंबटपणा नाही आणि तो विरघळतो. अननस ट्रेमध्ये चालतो, पण कच्चा अननस किंवा त्याचा रस रात्रभर कोंबडीला लावून ठेवू नका. त्यातलं ब्रोमेलेन मांसाचे धागे तोडतं आणि वरचा थर पिठूळ होतो. पपईचंही तेच.

दोन-चार घरांनी मिळून पेटी घेणार असाल तर नवी मुंबईत तुर्भ्याचं एपीएमसी घाऊक फळ मार्केट परवडतं. एका कोंबडीपुरतं जांभळी नाक्यावर हाताने निवडून घेतलेलं बरं.

आदल्या रात्री: मीठ

दही, आलं-लसूण, तिखट लावून मुरवत ठेवायची आपली सवय आहे. तंदुरीला ती योग्यच. पण इथे ओली स्किन नको, कारण ओव्हनची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते आणि स्किन खमंग होण्याऐवजी रबरासारखी राहते. त्यामुळे फक्त सुकं मीठ.

कोंबडी आतून-बाहेरून पेपर नॅपकिनने खडखडीत कोरडी करा. १५ ग्रॅम मिठातलं थोडं पोटात, बरंचसं छाती आणि मांड्यांवर, उरलेलं पाठीवर. हात जरा उंचावर धरून भुरभुरवा, म्हणजे एका जागी साचत नाही. आधी मिठामुळे पाणी बाहेर येतं, मग तेच खारं पाणी हळूहळू मांसात परत मुरतं. म्हणूनच एवढ्याशा मिठात हाडापर्यंत चव पोचते आणि "आतून अळणी" ही रोस्टबद्दलची नेहमीची तक्रार उरत नाही. यासाठी किमान आठ तास हवेत. बारा असतील तर आणखी चांगलं.

ताटलीत ठेवून न झाकता फ्रीजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे काही गळलं तर खाली भाजी-दुधावर गळणार नाही. न झाकण्याचं कारण म्हणजे फ्रीजची कोरडी हवा स्किन वाळवते. सकाळी ती चर्मपत्रासारखी ताणलेली आणि किंचित पारदर्शक दिसली पाहिजे. घरात उघडं चिकन फ्रीजमध्ये चालत नसेल तर सैल जाळीदार झाकणी ठेवा.

स्किनखालचं तूप

ओव्हन लावण्याआधी अर्धा तास कोंबडी बाहेर काढा. मे महिन्यात वीस मिनिटं पुरे.

तूप रवाळ, मऊ हवं, पातळ नको. त्यात ठेचलेला लसूण, मिरी, ओवा किंवा चिरलेला पानओवा आणि एका संत्र्याची किसलेली साल मिसळा. साल किसताना फक्त वरचा केशरी भाग घ्या, खालचा पांढरा पापुद्रा कडू असतो. यात मीठ घालू नका, ते रात्रीच लागलं आहे.

आता छातीच्या टोकाकडून, म्हणजे पोटाच्या भोकाच्या बाजूने, स्किन आणि मांस यांच्यामध्ये दोन बोटं सपाट सरकवा. नखं वर येऊ देऊ नका. मध्ये पातळ पापुद्रा लागतो, तो हलकेच दाबत गेलं की सुटतो. मधल्या हाडावर स्किन घट्ट चिकटलेली असते, तिथे घाई केली तर फाटते. आधी दोन्ही बाजू मोकळ्या करा आणि मग मधला भाग. तिथून बोट खाली वळवलं की मांडीवरची स्किनही सुटते. दोन चमचे तूप या पोकळीत घाला आणि बाहेरून हात फिरवून पसरवा. छातीवर जास्त, कारण कोरडी पडते ती छातीच. उरलेलं तूप बाहेरून चोळा.

मसाला आवडत असेल तर तो याच तुपात, स्किनखाली. ठाणे-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळला रोस्ट होतो. त्यांचा बॉटल मसाला मिळाला तर एक छोटा चमचा तुपात कालवून बघा, पेरूबरोबर फार छान जमतो. पण कुठलाही सुका मसाला स्किनच्या बाहेर लावू नका. पाऊण तासात तो जळून कडू होतो. मधाचंही तसंच, लावायचाच तर शेवटच्या दहा मिनिटांत.

चिरे मारायचे नाहीत हे पुन्हा सांगते. चिऱ्यांमधून रस वाहून जातो आणि स्किन आकसून मांस उघडं पडतं.

पोटात साल किसलेल्या संत्र्याचा अर्धा भाग आणि लसणाचा अर्धा गड्डा, एवढंच. उरलेला अर्धा गड्डा ट्रेमध्ये जाईल. बाकीच्या दीड संत्र्याचा रस काढून ठेवा, साधारण अर्धी वाटी निघतो. संत्र्याच्या चकत्या ट्रेमध्ये टाकू नका, तासाभरात सालीचा कडवटपणा सगळ्या रसात उतरतो. दोन्ही तंगड्यांची टोकं सुती दोऱ्याने सैल बांधा आणि पंखांची टोकं पाठीखाली दुमडा, म्हणजे रॉडजवळ येऊन करपणार नाहीत.

ओव्हनची तयारी

२८–३० लिटर किंवा त्याहून मोठा ओटीजी हवा. कोंबडी ठेवल्यावर वरच्या रॉडपासून चार-पाच सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे. ओव्हन लहान असेल तर कोंबडी सपाट करा: कात्रीने पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढा, उलटी करून छातीच्या हाडावर तळहाताने दाबा. कट्‌ असा आवाज आला की ती उघडलेल्या वहीसारखी पसरते. अशी कोंबडी २०० अंशाला ४५ मिनिटांत होते, आणि खरं सांगायचं तर जास्त एकसारखी भाजते. टेबलावर आख्खी मांडायची हौस नसेल तर मी याच पद्धतीची शिफारस करीन.

ओटीजी १६ अँपियरच्या पॉवर प्लगला लावा, मिक्सरच्या साध्या प्लगला नाही. त्याच वायरवर गीझर किंवा इंडक्शन एकाच वेळी चालू ठेवू नका. दोन्ही रॉड, आणि पंखा असेल तर तोही, चालू करून २२० अंशाला १५ मिनिटं प्रीहीट करा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोड, बुटका स्टँड आणि त्यातलं जे कमाल तापमान असेल ते. मायक्रो मोडमध्ये कोंबडी उकडते, भाजत नाही.

ट्रे चार-पाच सेंटिमीटर काठाचा, स्टीलचा किंवा एनॅमलचा हवा. उघड्या अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये आंबट फळांना धातूची चव येते. तोच असेल तर आत बटर पेपर घाला.

कांदे सोला, पण मुळाकडचं टोक कापून टाकू नका. त्या टोकासकट उभे चार भाग केले की पाकळ्या सुटत नाहीत. सुटलेल्या पाकळ्या वीस मिनिटांत करपतात. कांदे आणि अर्धा लसूण ट्रेमध्ये पसरा, अर्धी वाटी पाणी घाला, वर जाळी आणि जाळीवर कोंबडी, छाती वर. जाळी नसेल तर कोंबडी थेट कांद्यांवर बसवा. फळ अजून नाही.

भाजणं

ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत. तंगड्या ओव्हनच्या आतल्या बाजूला, कारण दाराजवळ उष्णता कमी असते आणि मांड्यांना जास्त हवी असते.

पहिली १५ मिनिटं २२० अंश. मग १८० अंशावर आणा आणि दार न उघडता आणखी २० मिनिटं जाऊ द्या.

पस्तिसाव्या मिनिटाला ट्रे बाहेर काढा. स्किन फिकट सोनेरी झालेली असेल. कांद्यांची खालची बाजू उलटून बघा, तळाला तपकिरी रंग धरलेला असतो आणि भोवती तूप, चरबी व रस यांचं चकचकीत मिश्रण जमलेलं असतं. कांदे उलटे करा. पेरू किंवा सफरचंदाच्या फोडी या चरबीत घोळवून कापलेली बाजू खाली ठेवा. तळ कोरडा पडत असेल तर पाव वाटी पाणी, त्याहून जास्त नको, नाहीतर वाफ होऊन स्किन मऊ पडते. छातीचा वरचा भाग फारच लाल दिसत असेल तर तेवढ्यावर फॉइलचा तुकडा नुसता ठेवा. खालची चरबी चमच्याने वर ओतत बसू नका; ओव्हनची उष्णता जाते आणि वाळलेली स्किन पुन्हा ओली होते.

आणखी २५ ते ३० मिनिटं. द्राक्षं, जर्दाळू, मनुका घालायच्या असतील तर शेवटच्या वीस मिनिटांत. फॉइल ठेवली असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत काढा.

घरच्या ओव्हनचे आकडे वीस-वीस अंशांनी चुकतात, त्यामुळे घड्याळावर विसंबू नका. मांसात खुपसायचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, ऑनलाइन सहज मिळतो आणि केकपासून तळणापर्यंत उपयोगी पडतो. मांडी आणि छातीच्या मधल्या जाड भागात, हाडाला न टेकवता टोचा. ७४ अंशाला कोंबडी खाण्यास सुरक्षित होते. मांडीला मात्र मी ८० पर्यंत जाऊ देते, कारण तिथली चिवट कोलॅजनची जाळी त्या तापमानाला विरघळू लागते. छाती ७४ च्या फार वर गेली तर कोरडी. थर्मामीटर नसेल तर मांडीच्या जाड भागात सुरी टोचून दाबा. रस स्वच्छ आला पाहिजे, आणि तंगडी धरून हलवली तर सांध्यात सैल फिरली पाहिजे. हाडालगत थोडी लाली दिसली तरी घाबरू नका. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग बाहेर झिरपतो, पूर्ण शिजल्यावरही. तापमान झालेलं असेल तर कोंबडी झालेली आहे.

पंधरा मिनिटं हात लावायचा नाही

बाहेर काढल्यावर आधी कोंबडी उचलून तिरकी धरा आणि पोटातला रस ट्रेमध्ये ओता. मग पाटावर १५ मिनिटं तशीच ठेवा. लगेच कापली तर सगळा रस पाटावर वाहतो. थांबलं की तो घट्टसर होऊन मांसात राहतो. फॉइलने गच्च झाकू नका, एवढी मेहनत घेऊन केलेली स्किन वाफेने लिबलिबीत होते.

या वेळात ग्रेव्ही. ट्रे तिरका करून वर तरंगणारी चरबी चमच्याने वाटीत काढा. निम्मे कांदे-फळं, दिसायला चांगली असलेली, वाढण्यासाठी बाजूला ठेवा. उरलेली रसासकट कढईत घ्या. ट्रेच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर पाव वाटी गरम पाणी घालून लाकडी चमच्याने खरवडा. सगळी चव तिथे असते, तो अजिबात सोडू नका. भाजलेल्या लसणाचा गर पिळून घाला. पळीने कांदे-फळं घोटा, संत्र्याचा रस घाला आणि मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं उकळा. पळीच्या पाठीला चिकटून राहील इतकी दाट झाली की पुरे. मैदा, कॉर्नफ्लोअर काही लागत नाही, कांदाच तिला दाटपणा देतो. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, बहुतेक लागतच नाही. गोड वाटली तर लिंबू पिळा. पाटावर जमलेला रस शेवटी यातच.

कापणं आणि वाढणं

दोरा कापा. मांडी आणि छातीमधल्या स्किनला सुरीने चीर द्या, तंगडी बाहेरच्या बाजूला वाकवा. सांधा आपोआप उघडतो, सुरी तिथून घाला. हाड कापायची वेळ आली तर जागा चुकली आहे. मग तंगडी आणि मांडी वेगळी करा. छातीच्या मधल्या हाडाला लागून दोन्ही बाजूंनी सुरी खाली उतरवा, आख्खा भाग सुटा करा आणि मग आडव्या जाड चकत्या, प्रत्येकीला स्किनची कड राहील अशा. पाठीवर, मांडीच्या सांध्याशेजारी दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे मांसाचे दोन गोळे असतात. आख्ख्या कोंबडीतला सगळ्यात रसाळ भाग तोच. ते सांगाड्यावर राहून जाऊ देऊ नका.

तांदळाच्या गरम भाकरीबरोबर ही ग्रेव्ही अप्रतिम लागते. बेकरीतला ताजा कडक पावही चालेल. सोबत दही न घालता केलेली काकडीची कोशिंबीर. पुलाव-बिर्याणी नको, ग्रेव्हीची चव त्यात हरवते.

ओव्हनच नसेल तर जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात हीच कोंबडी होते. तुपात सगळ्या बाजूंनी लाल करून घ्या, बाहेर काढा, त्याच तुपात कांदे परता, कोंबडी वर ठेवा, अर्धी वाटी संत्र्याचा रस घालून झाकण ठेवून मंद आचेवर ५० मिनिटं. फळ शेवटच्या वीस मिनिटांत. स्किन कुरकुरीत होणार नाही, बाकी सगळं जमतं.

उरलेलं मांस हाडापासून सोडवून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. वाटीत काढलेली चरबीही फेकू नका, त्यात उकडलेले बटाटे परतले तर मुलं ताट चाटून पुसून ठेवतात. सांगाडा, मान आणि पंखांची टोकं एक कांदा, चार मिरी दाणे आणि दीड लिटर पाण्यासह कुकरमध्ये घाला. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून ४० मिनिटं ठेवा. गाळलेला स्टॉक फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो, आणि त्यात साधा आंबेमोहोर शिजवला तरी पुरतो.